‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका : ज्येष्ठांच्या मनासाठी नाशकात काय करता येईल?

जास्वंदी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई गेली. नाना (माझे वडील, वय ७८) तेव्हापासून जेल रोडच्या घरात एकटे राहतात. मी इंदिरानगरला, भाऊ पुण्यात. दोघांनीही ‘आमच्याकडे चला’ म्हणून पाहिलं. नानांचं एकच उत्तर, ‘इथे माझी सवय आहे.’

नाना नोट प्रेसमधून २००७ साली रिटायर झाले. त्यानंतरही पहाटे साडेपाचला उठून देवळाली गावापर्यंत चालत जाऊन यायचे, येताना मुक्तिधामच्या बाहेरून आईसाठी फुलं आणायचे. तो माणूस नऊ-नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवण जात नाही, पोट साफ होत नाही, पाय ओढतात. रडले एकदाही नाहीत. डॉक्टरांकडे नेलं, रक्तदाब ठीक, शुगर ठीक. ‘वयोमानानुसार हे व्हायचंच’ असं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. भाऊही फोनवर तेच म्हणाला, ‘ताई, वय झालंय आता त्यांचं.’ मलाही ते पटलं, आणि त्याचंच आज जास्त वाईट वाटतं.

फेब्रुवारीत एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी लावत होते. भिंतीवरचं कालनिर्णय नोव्हेंबरवरच होतं. आई तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायची, ‘१ ली.’, ‘१।। ली.’, पाहुणे आले त्या दिवशी ‘२’. चौदा तारखेपर्यंत तिचं अक्षर, पुढे कोरं. मी पान काढायला हात घातला तर मागून नाना म्हणाले, ‘राहू दे.’ एवढंच. हे वय नाही, हे दुःख आहे आणि ते कुणापाशी बोलायला त्यांना जागाच नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये दर बुधवारी एक गट बसतो. दहा-बारा जण, दीड तास, असे आठ आठवडे. समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या एक बाई तो चालवतात. नानांना विचारलं तर ताडकन म्हणाले, ‘मी काय वेडा झालोय?’ पुढे महिनाभर विषय नाही. मग त्या बाई स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, ‘नाना, आमच्याकडे हजेरीची आणि चहाच्या वर्गणीची वही नीट ठेवणारं कुणी नाही. तुम्ही हिशेबाला पक्के आहात असं ऐकलं.’ नाना गेले. वही सांभाळायला गेले.

पहिले दोन बुधवार ते अक्षरही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी प्रत्येकाला घरातली एखादी वस्तू आणायला सांगितली होती. मी त्यांना सोडायला गेले होते, म्हणून दाराशी थांबून पाहिलं. नानांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला. स्टीलचा, तीन पुडांचा, कडी एका बाजूने वाकलेली. म्हणाले, ‘आमच्या कामावरून बाहेर काही आणता येत नसे. निघताना झडती. हा डबा मी चौतीस वर्षं रोज संध्याकाळी गेटवर उघडून दाखवला. रिकामा आहे, हे रोज सिद्ध करायचं. आणि रोज सकाळी ही तो भरायची.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आता भरणारं कुणी नाही आणि उघडून बघणारंही कुणी नाही.’ हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी तो डबा हातात घेतला, कडी लावून पाहिली आणि परत दिला.

त्या दिवशी घरी येऊन नानांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक कॉलनीत ज्येष्ठ नागरिक संघ आहे, हॉल आहे, विरंगुळा केंद्र आहे. सहली होतात, वाढदिवस होतात, आरोग्य तपासणी होते. मनाचं मात्र कुठेच काही नाही. हे का होत नाही आणि कसं करता येईल, यावर जाणकारांनी लिहावं. अनुभवही लिहा.

निफाडची_थंडी

डब्याचं वाचून गलबलून आलं. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच चाललंय. वाचतेय.

मखमलाबादकर

जास्वंदीताई, नानांना बरं वाटलं हे फार छान झालं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे याची सोय आधीपासूनच होती. भजनी मंडळ, हरिपाठ, एकादशीची वारी, संध्याकाळी गंगेवर जाऊन बसणं, घरात नातवंडं. माझे आजोबा नव्वदाव्या वर्षापर्यंत मळ्यात द्राक्षाच्या बागेला पाणी सोडायचे, त्यांना कुणा समुपदेशकाची गरज पडली नाही. घर तुटलं म्हणून हे प्रश्न आले. मुलांनी आईवडिलांना जवळ ठेवलं तर गटबिटांची गरजच उरणार नाही.

सुधाताई_७१

मी या धाग्यावरच्या बऱ्याच जणांपेक्षा मोठी असेन, म्हणून लिहिते. मखमलाबादकर, मी एकत्र कुटुंबातच राहते. मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि सून माझी मुलीहून जास्त काळजी घेते. तरी सांगते, घर भरलेलं असलं तरी माणूस एकटा असू शकतो.

माझ्याशी दिवसभर सगळे बोलतात. ‘आजी, गोळी घेतली का?’ ‘आजी, फरशी ओली आहे, सांभाळून.’ ‘आजी, तुम्ही जेवून घ्या, आम्हाला उशीर होईल.’ सगळं प्रेमानेच. पण ज्याचं उत्तर फक्त मलाच ठाऊक आहे असा एकही प्रश्न मला महिनोन्‌महिने कुणी विचारलेला नसतो. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता घरात कुणी मला बेरीजही करू देत नाही, मोबाईल आहे ना.

दुसरं म्हणजे कान. तीनेक वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं. सगळे हसले की मी पण हसायचे. मग एकदा भलत्याच ठिकाणी हसले आणि नातवाने विचित्र पाहिलं. तेव्हापासून मी जेवण झालं की खोलीत जायला लागले. घरच्यांना वाटलं, आजी विरक्त झाली. मी विरक्त नव्हते हो, मला ऐकू येत नव्हतं. मशीन लावल्यावर पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज नकोसा झाला, काढून ठेवायचे. नेटाने वापरलं. आता पुन्हा हॉलमध्ये बसते.

दूरदेशी

सुधाताई, तुमचा प्रतिसाद बहिणीला पाठवला. आईबाबा कॉलेज रोडला, आम्ही दोघी बाहेर. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो, पण तुम्ही लिहिलंय तसेच प्रश्न विचारतो. गोळी, जेवण, कामवाली आली का. लांबून आम्ही आणखी काय करू शकतो?

रानजाई

मी समुपदेशक आहे. नाशकातच काम करते, त्यातलं निम्मं काम साठीच्या पुढच्या माणसांबरोबर असतं. जरा सविस्तर लिहिते.

नानांचं जे झालं ते अगदी नेहमीचं चित्र आहे. म्हातारपणातलं नैराश्य ‘मला उदास वाटतंय’ असं सांगत येत नाही. ते पोट घेऊन येतं, गुडघे घेऊन येतं, पहाटे तीनला जाग आणि मग उजाडेपर्यंत डोळा नाही, असं येतं. काहींचा चिडचिडेपणा वाढतो. काहींचं विसरणं इतकं वाढतं की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते, आणि नैराश्यावर उपचार झाल्यावर बरीचशी स्मरणशक्ती परत येते. म्हणून ‘वय झालंय’ हे निदान नाही. उदासी, अरुची, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवायला हवं. त्याआधी साधी रक्ततपासणीही करून घ्या. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि चांगला बोलता-चालता माणूस भ्रमात जातो. मनाचं म्हणून आणलेले किती तरी जण मी आधी फिजिशियनकडे परत पाठवलेत.

ज्येष्ठांसाठी १९८०च्या दशकात तयार झालेली एक प्रश्नावली आम्ही वापरतो. पूर्ण प्रश्नावली तीस प्रश्नांची, छोटी पंधरा प्रश्नांची, उत्तर फक्त हो किंवा नाही. पूर्वीच्या आवडीनिवडी सोडून दिल्यात का, बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. त्यात झोप, भूक, दुखणं मुद्दामच नाही, कारण या वयात ती कारणं दुसरीही असतात. दहा मिनिटांत होते. यावरून निदान करायचं नसतं, पण कुणाला पुढे पाठवायला हवं ते कळतं.

आता गटात काय होतं ते. जास्वंदी, तुमच्या बाईंनी नानांना वही दिली त्याला आमच्या भाषेत कृतीपासून सुरुवात म्हणतात. उदास माणूस म्हणतो, उमेद आली की बाहेर पडेन. प्रत्यक्षात उलटं होतं. आधी पाय दाराबाहेर पडतात आणि उमेद मागून येते. म्हणून आम्ही आठवड्याचा तक्ता करतो. किती वाजता काय केलं आणि तेव्हा मनाला कसं वाटलं, एवढंच लिहायचं. एका आजींच्या तक्त्यात आठवडाभर सगळीकडे ‘ठीक नाही’ होतं, फक्त शनिवारी सकाळी दहाला ‘बरं’. विचारलं तर म्हणाल्या, शेजारणीच्या मेथीच्या जुड्या निवडून दिल्या. पुढच्या आठवड्यात आम्ही तसे तीन तास ठरवले.

वस्तू आणून बोलणं हा दुसरा भाग. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली मांडलं की म्हाताऱ्या माणसांचं मागचं आठवत बसणं हे बुद्धी ढासळल्याचं लक्षण नाही, आयुष्याचा हिशेब जुळवण्याचं ते काम आहे. त्याआधी डॉक्टर लोक म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी काढू नका म्हणायचे. एरिक एरिक्सनने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले, त्यातल्या शेवटच्या टप्प्यातलं कामही हेच. झालं गेलं आपलं म्हणून स्वीकारता येणं, नाहीतर हताशा. पण एक सावधगिरी सांगते. नुसत्या आठवणी काढत बसणं वेगळं आणि कुणाच्या सोबतीने त्यांची संगती लावणं वेगळं. कुणाच्या आठवणीत मुलाचा अपघात असतो, फसवणूक असते. ते उघडलं गेलं तर सावरणारं कुणी समोर हवं. शिकलेली व्यक्ती लागते ती इथे.

तिसरं म्हणजे रोजच्या अडचणी सोडवणं. बँकेचं ओटीपी, जिन्याला कठडा नाही, मुलाशी पैशांवरून अबोला. एकच अडचण घ्यायची, तीन-चार मार्ग काढायचे, एक करून बघायचा. ऐकायला साधं वाटतं, पण ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही भावना याने सुटते.

हे सगळं करायला मनोविकारतज्ज्ञच हवा असं नाही. आपल्या शेजारी गोव्यात यावर चांगला अभ्यास झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढचे, नैराश्याची सौम्य लक्षणं असलेले १८१ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांबरोबर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी काम केलं. अडचणी सोडवणं, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी, सरकारी योजनांसाठी मदत. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटात १३ जणांना पूर्ण नैराश्य आलं, या गटात ४ जणांना. झिम्बाब्वेमध्ये तर २००६ पासून दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर प्रशिक्षित आज्या हे काम करतात. आपल्या संघांत निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. त्यांना शिकवता येईल.

सुधाताई, तुमच्या कानांबद्दल. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्यासारख्या १४ गोष्टींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, नैराश्य आणि एकटेपणा हे चारही त्यात आहेत. कानाचं मशीन आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन हेही मनाचेच उपचार आहेत, असं मी घरच्यांना सांगते.

दूरदेशी, तुमच्यासाठी : आठवड्यातून एका कॉलला गोळ्यांविषयी काहीही विचारायचं नाही असं ठरवा. बाबांकडून काहीतरी शिका. आईला विचारा, लग्न होऊन पहिल्यांदा नाशकात आली तेव्हा कुठल्या गल्लीत राहिली, शेजारी कोण होतं. आणि ते लिहून घेताय हे तिला दिसू द्या.

शेवटी महत्त्वाचं. ‘माझं आता काय राहिलंय’ हे वाक्य वारंवार येऊ लागलं, माणूस वस्तू वाटू लागला, कागदपत्रं घाईने निकालात काढू लागला, तर गट वगैरे नंतर, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘मरावंसं वाटतं का’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते ही भीती काढून टाका. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून लोक मध्येच सोडतात. सांभाळायचं ते झोपेच्या गोळ्यांना. त्यांची सवयही लागते आणि रात्री उठताना माणूस पडतो.

निफाडची_थंडी

हे सगळं उतरवून घेतलं. सासऱ्यांचं सोडियम उद्याच करून घेते.

ओझरवाला

पुरुषांच्या बाजूने थोडं. मी विमान कारखान्यातून निवृत्त, वय ६९. कारखान्यात मला नावाने नाही, कामाने ओळखायचे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती ओळख गेली. बायकांचं स्वयंपाकघर शेवटपर्यंत चालू असतं, त्यांना भिशी असते, हळदीकुंकू असतं. आमची मैत्री कामापुरती होती हे काम संपल्यावर कळलं. जॉगिंग ट्रॅकवर रोज सात जण भेटतो, राजकारण बोलतो, तब्येतीचं बोलतो. आमच्यातल्या एकाची बायको गेली, तो महिनाभराने परत आला. आम्ही ‘कसा आहेस’ विचारलं, तो ‘मजेत’ म्हणाला, आणि आम्ही पुन्हा राजकारणावर आलो. आज हे वाचताना तो चेहरा आठवतोय. उद्या त्याच्याकडे जाणार आहे.

गट काढणार असाल तर काही गोष्टी आधी बघा. हॉल तळमजल्यावर हवा. वेळ चार ते साडेपाच, अंधार पडायच्या आत घर. खुर्च्यांना हात हवेत, नाहीतर उठता येत नाही. स्वच्छतागृह जवळ हवं, आमच्या वयाची निम्मी माणसं त्याच काळजीने बाहेर पडत नाहीत. पंखे आवाज करणारे नकोत, कानाच्या मशीनमध्ये तोच आवाज भरतो. आणि फलकावर ‘मानसिक’ हा शब्द लिहू नका, निदान सुरुवातीला. एकही पुरुष येणार नाही.

सुधाताई_७१

ओझरवाला, हात असलेल्या खुर्च्या! अगदी बरोबर. फलकाचं मात्र मला पटत नाही. शब्द लपवत राहिलो तर लाज कधी जाणार? आमच्या पिढीनेच तो म्हणायला सुरुवात करावी असं मला वाटतं.

रानजाई

फलकाबाबत दोघांचंही म्हणणं मला समजतं. मी बाहेर ‘बुधवार गप्पा’ लिहिते आणि आत पहिल्याच दिवशी मन, उदासी, नैराश्य हे शब्द स्वच्छ वापरते. फसवून कुणाला बसवू नये.

मखमलाबादकर

सुधाताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. घरी आईला विचारलं, तू शेतातल्या बाईंना पहिल्यांदा द्राक्षाची विरळणी कशी शिकवलीस? ती पाऊण तास बोलली. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

भजनी मंडळाचं म्हणणं मी सोडत नाही. पण एक मान्य करतो. आमच्या मंडळातले पखवाजवाले बुवा वर्षापूर्वी गेले. त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलतही नाही. दर गुरुवारी ती जागा रिकामी ठेवून आम्ही अभंग म्हणतो. रानजाईताई, भजनाच्या आधी काही करता येईल का?

रानजाई

नक्की येईल, आणि भजनी मंडळ ही त्यासाठी फार चांगली जागा आहे. माणसं ओळखीची आहेत, वेळ ठरलेली आहे, श्वास आणि सूर एकत्र लागतात. भजनाआधी पंधरा मिनिटं बुवांविषयी प्रत्येकाने एक आठवण सांगायची. सल्ला द्यायचा नाही, ‘देवाची इच्छा’ म्हणून कुणाला मध्येच थांबवायचं नाही, रडू आलं तर येऊ द्यायचं. पुढच्या गुरुवारी गावातल्या आणखी कुणाविषयी. मला बोलावलंत तर पहिल्या वेळी येईन.

मखमलाबादकर

या. येत्या गुरुवारीच या. निरोप टाकतो.

दूरदेशी

आई पहिल्यांदा भद्रकालीतल्या वाड्यात राहिली म्हणे, नळ एकच आणि बिऱ्हाडं नऊ. आज चाळीस मिनिटं कॉल चालला आणि शेवटी तिनेच ‘आता ठेव, मला कुकर लावायचाय’ म्हटलं. एरवी फोन आम्ही ठेवतो.

जास्वंदी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघा-तिघांनी निरोपात खर्चाचं विचारलं, म्हणून लिहिते. हॉल संघाचाच, भाडं नाही. चहा-बिस्किटांची वर्गणी दर वेळी दहा रुपये. समुपदेशक बाईंचं मानधन संघ आणि काही घरं मिळून देतात. नानांच्या वहीत पैन्‌पै लिहिलेली आहे. एकदा सात रुपये जुळेनात, तर ते रात्री दहाला फोन करून मला विचारत होते.

नाना पूर्वीसारखे झालेत असं म्हणणार नाही. सकाळी अजून उशिरा उठतात. आईच्या वर्षश्राद्धाचं नाव काढलं की गप्प होतात. रानजाईताईंनी लिहिल्यावर रक्ततपासणी केली, बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. आठ आठवडे संपले, तरी गट चालू ठेवायचा असं त्या लोकांनीच ठरवलंय. डबा हातात घेणारे ते आजोबा शनिवारी नानांकडे येतात, दोघं बिटको चौकापर्यंत चालत जातात.

स्वयंपाकघरात त्यांनी या वर्षीचं कालनिर्णय आणून लावलंय, जुन्याच्या शेजारच्या खिळ्यावर. जुनं नोव्हेंबरवरच आहे, मी हात लावला नाही. नव्यावर दुधाचा हिशेब त्यांच्या अक्षरात आहे, ‘अर्धा ली.’, आणि शनिवारच्या चौकटींत ‘१’.

इंदिरानगरला असाच गट सुरू करायचं चाललंय. तळमजल्याचा हॉल मिळालाय, हाताच्या बारा खुर्च्या हव्या आहेत. सुधाताई, वही तुम्ही सांभाळाल का?

सुधाताई_७१

सांभाळीन. वार कोणता ते कळवा, आणि वही दोनशे पानी घ्या.